सव्वाचार किलो

तुर्भ्याला, पुलाच्या पलीकडे, वेलजीभाईंच्या दुकानात
फोम थप्पी लावून ठेवलेला.
पांढरा, पिवळट, एका कोपऱ्यात गुलाबी.
"कोणासाठी?"
मी आबांकडे बघितलं.
"वजन किती?"
आबा म्हणाले, "साखर शंभर.
कांदा पन्नास-साठ, वला असला तर ज्यादा."

वेलजीभाईंचं पेन हवेतच राहिलं.
तुमचं, आबा. तुमचं वजन विचारतायत.
ते त्यांना ठाऊक नव्हतं.

चप्पल काढून काट्यावर उभे राहिले.
एकोणपन्नास.
कांद्याचं एक पोतं,
तेही तोंडापर्यंत न भरलेलं.

मग डेन्सिटीची गोष्ट निघाली.
"तीसची घ्याल तर वर्षात खड्डा.
चाळीस चालेल. पन्नास टिकेल.
ऐंशी यांना नको, इतका हलका माणूस
आत जाणारच नाही, वरच राहील.
आणि ताई, डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे.
डेन्सिटी म्हणजे माल.
मीटरभर लांब, रुंद, उंच ठोकळा कापला
आणि तो पन्नास किलो भरला, तर ती पन्नासची."
आबांनी मान डोलावली.
पेन्शनच्या खिडकीवर इतकं सोपं करून
त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही.

मी नमुन्यावर मूठ दाबली.
चार बोटं आणि अंगठा तिथेच राहिले,
मग सावकाश पुसले गेले.

आबांनी दाबून पाहिलं नाही.
पन्नासची म्हणून काढलेली गुंडाळी,
सहा बाय तीन, दोन इंची,
त्यांनी गुडघ्यात वाकून, श्वास धरून उचलली.
ओझं कितीही असो, उचलायची रीत एकच.
आणि खाली ठेवली.
"साडेतीनच्या वर न्हाई."

मी मोबाईलवर गुणाकार केला. सव्वाचार हवे होते.
काट्याने तीन किलो चारशे दाखवले.
वेलजीभाई आतल्या पोरावर ओरडले,
चाळीसचा कसा काढलास म्हणून.
खरंच चुकला असेल.
पोराने दुसरा रोल आणला
तो उघड्या मानेवर, फडकं न घेता.
आबा बराच वेळ त्या मानेकडे बघत होते.

कोपरखैरण्यात रिक्षातून उतरलो
तर गुंडाळी माझ्या हातात नव्हती.
आबा जिन्याच्या पहिल्या वळणावर,
पाठीवर ती घेऊन,
डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका म्हटलेली पाठ.
अहो ठेवा, मी म्हटलं.
"ह्ये काय वजन हाय?"

खाली चार इंच घट्ट एचआर, वर दोन इंच ही.
मध्ये गोंद, फक्त कडेकडेने,
उद्या वरची बदलायची तर सुटायला हवी.
दोन दिवस पंख्याखाली, वास जाईपर्यंत.
खोळ शालनवहिनीने शिवली, मांजरपाटाची.
चेन वीतभर आखूड पडली,
तिथे नाड्या.

पहिल्या रात्री उजव्या कुशीवर झोपले.
बरं वाटतंय?
"रुतल्यागत वाटतंय. कूस वळायला येळ लागतो."
जरा वेळाने,
"पर खुबा टोचत न्हाई."

तीनला उठले. गाड्या लागायची वेळ.
अकरा वर्षं झाली मार्केट सुटून,
वेळ सुटलेली नाही.
मी अंधारात गादीवर हात फिरवला.
ऊब होती. कंबर वर आलेली, खुबा येत होता.
खांद्याचा खळगा सगळ्यात शेवटी,
जणू त्यालाच भरायला माल कमी पडत होता.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.
"तो ऐंशीचा आक्खा ठोकळा,"
आबा आतून म्हणाले,
"येकट्यानं न्हेला आसता म्या."